तांदळातलं नाव

दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसायची मला जुनी खोड आहे. पेडणे तालुक्यातल्या मराठी शाळांत बत्तीस वर्षं शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि कोरगावात घरी बसले, तेव्हा गावाने माझी ही खोड कामाला लावली. रेशनकार्डात सुनेला घालायचं आहे, आजोबांचा जन्मदाखला हवा आहे, घरपट्टीवर नाव चढवायचं आहे, की लोक म्हणतात, बाईंकडे जा. अर्ज आता संगणकावर भरतात, त्यामुळे माझ्या वळणदार अक्षराला कोणी विचारत नाही. पण प्रश्न नीट वाचणारं माणूस अजून लागतं, आणि मला ते प्रश्न वाचायला मनापासून आवडतात. एखादं खातं माणसाबद्दल काय काय विचारतं आणि नेमकं काय विचारायचं विसरतं, हे बघत मी अख्खी दुपार काढू शकते.

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली ती काजूच्या हंगामात. स्कूटर माडाखाली उभी केली, निऱ्याची, म्हणजे काजूच्या ताज्या रसाची, बाटली पडवीवर ठेवली आणि म्हणाली, एक अर्ज भरायचा आहे, जरासा मोठा आहे. मी तिला ओळखत होते, म्हणजे गाव एकमेकांना ओळखतो तेवढं. आमच्याकडे गावातल्या वस्तीला वाडा म्हणतात; ती पलीकडच्या वाड्यावरची सून. जन्म बेलारूस नावाच्या देशातला. हा देश कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या हरमलच्या किनाऱ्यावर गोरा माणूस दिसला की आम्ही त्याला सरसकट रशियन म्हणतो, तशी तीही माझ्या हिशेबी रशियनच होती. चौदा वर्षांपूर्वी ती हरमलला फिरायला आली, किनाऱ्यावर मोटरसायकली भाड्याने देणारा आमच्या गावचा मुलगा तिला भेटला, आणि ती परत गेली ती फक्त सामान आणायला. तीन वर्षांपूर्वी तो छातीत कळ येऊन तासाभरात गेला. मूलबाळ नाही. घरात ती आणि सासू, दोघीच.

तिने पिशवीतून कागद काढले. अर्ज भारताच्या नागरिकत्वाचा होता.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. इतक्या वर्षांत शंभर तऱ्हेचे अर्ज भरले, हा पहिलाच. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला, जरा लाज वाटण्याइतका. आमच्या गोव्यातून माणसं पोर्तुगालचा पासपोर्ट काढायला आजोबांचे दाखले शोधत फिरतात, आणि ही बाई बरोबर उलट्या दिशेने निघालेली. मी स्वतः जन्मले तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. म्हणजे पाळण्यात असताना माझा देश बदलला, आणि मला कोणी एक कागद भरायला लावला नाही. तिला मात्र अठ्ठावीस पानं होती.

मी विचारलं, आताच का? चौदा वर्षं काय केलं? तिने शांतपणे सांगितलं. नवरा होता तोवर दरवर्षी त्याच्या अर्जावर व्हिसा वाढायचा, आणि तो दरवर्षी म्हणायचा की पुढच्या वर्षी काहीतरी पक्कं करून टाकू. तो गेल्यावर कचेरीने दोनदा मुदत वाढवून दिली. या वेळी साफ सांगितलं की ही शेवटची. दहा महिन्यांत स्वतःचा अर्ज दाखल करून चौकशी पार पाडा, नाहीतर देश सोडा. तिच्या देशात आता तिचे आईवडील नाहीत. आणि इथे सासूचे गुडघे गेलेले, तिला पडवीपर्यंत आणायला सुद्धा आधार लागतो.

"मी गेले तर तिला न्हाणीत कोण नेणार, बाई?" एवढंच ती म्हणाली.

मग रोज दुपारी चार वाजता ती यायला लागली. काजूचे बोंडू वेचून हात चिकट झालेले असायचे, म्हणून मी आधी तिला हात धुवायला लावायची आणि मग कागद पुढे ठेवायची. अर्जाने आम्हांला काय काय विचारलं! गेल्या बारा वर्षांत कोणकोणत्या दिवशी देशाच्या हद्दीबाहेर होता? केरीहून फेरीबोटीने नदीपलीकडे तेरेखोलला गेलं तर तेही परदेशात धरायचं का, असं मी चेष्टेने म्हटलं, तर तिने खरंच तारखा आठवायला सुरुवात केली. भारतात कायम राहण्याचं कारण काय, असाही एक रकाना होता. मी तिथे चांगलं जड वाक्य योजलं होतं, त्यात संस्कृती आणि आपुलकी असे शब्द होते. तिने ते वाचलं, मान हलवली आणि पेन्सिलीने खाली लिहिलं: घरी सासू आहे. मी तिच्याशी अर्धा तास वाद घातला. शेवटी तिचंच वाक्य ठेवलं, कारण माझ्या वाक्यात खोटं काही नव्हतं पण कुणाचंही असू शकलं असतं.

सर्वांत मजा आली ती भाषेच्या दाखल्यात. देशातली एक तरी भाषा पुरेशी येते, असा दाखला लागतो. बोलणं तिला भरपूर येत होतं, पण ते सगळं सासूकडून आलेलं, म्हणजे ऐंशी वर्षांच्या बाईचं बोलणं. चाळिशीतली गोरी बाई मांजराला "मेल्या, तुझ्या तोंडार रख्या पडो" अशी तोंडावर राख पाडायची शिवी द्यायची तेव्हा मला शिक्षिकेचा चेहरा सांभाळणं कठीण जायचं. लिहिणं-वाचणं मात्र येत नव्हतं. मी दुसरीचं पुस्तक काढलं. चार महिन्यांत ती जोडाक्षरं वाचायला लागली. शेवटी मी तिला "माझे घर" या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. तिने पहिली ओळ लिहिली: आमच्या घरात दोन माणसे, एक मांजर आणि पुष्कळ काजूची झाडे आहेत. दहावी ओळ होती: माझी सासू मला ओरडते म्हणून घर मोठे वाटत नाही. मी दहापैकी नऊ गुण दिले, एक गुण ऱ्हस्व-दीर्घाचा कापला. त्या कागदावरून माझ्या जुन्या शाळेने दाखला दिला.

मग वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, की अमुक व्यक्ती नागरिकत्वासाठी अर्ज करत आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे. सूचना आली त्या सकाळी मी दुकानात गेले, तर दुकानदाराने पेपर माझ्यापुढे पसरला आणि बोट ठेवून विचारलं, "बाई, ही कोण ओ? पत्तो आमच्याच वाड्यावयलो घातला. कोणी तरी हरमलचो फॉरेनर आमच्या गावचो पत्तो चोरता." मी हसले. म्हटलं, अहो, ती आपलीच, आणि तिचं घरातलं नाव सांगितलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला. दोघंही हसलो, मी साखर घेतली आणि घरी आले. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती, पण नाही पेटली.

कारण गोष्ट अशी की आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नाव लिहितो, सासू ते सगळ्यांना सांगते आणि साखर वाटतात. तेव्हापासून सासरच्या वाड्यावर बाईला तेच नाव. माहेरचं नाव कागदावर राहतं किंवा राहतही नाही, त्याची कोणी चौकशी करत नाही. तिचंही तसंच झालं. तिच्या नवऱ्याने तांदळात जे नाव लिहिलं ते वाड्याने उचललं, आणि पासपोर्टावर काय आहे हे विचारायची कोणाला कधी गरजच पडली नाही.

आता अर्जात एक रकाना होता: आणखी कोणत्या नावाने ओळखले जाता काय? हा रकाना मी स्वतः वाचला होता आणि मी स्वतः भरला होता. तिथे मी लिहिलं, नाही. तांदळातलं नाव कुठल्या कागदावर नाही, मग ते सरकारला कशाला सांगायचं, असा माझा शहाणपणा.

पोलीस चौकशीला हवालदार आला तो नेमका शुक्रवारी, ती म्हापशाच्या बाजारात साठवलेल्या काजूच्या बिया घेऊन गेलेली असताना. सांगे भागातून नुकताच बदलून आलेला, गाव त्याला नवीन. त्याने दुकानात पासपोर्टावरचं नाव वाचलं. दुकानदार त्या वेळी घरी जेवायला गेलेला, गल्ल्यावर त्याची आई. ती म्हणाली, असं नाव इथे कोणाचं नाही. मग त्याने शेजारच्या दोन घरांत विचारलं, कोणी फॉरेनर बाई इथे राहते का? आता आमच्या किनारपट्टीच्या गावांत पोलिसाने फॉरेनर विचारला की नाही म्हणायचं, ही लोकांच्या जिभेची सवय झालेली आहे. भाडेकरूची नोंद केली नाही म्हणून कोणाला तरी दंड होतो, उगाच आपण कशाला सांगा? आणि दुसरं म्हणजे, ती फॉरेनर आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. फॉरेनर हरमलला. ही तर आमच्या वाड्यावरची, गणपतीत आरतीला तबक धरणारी. त्यांनी सांगितलं, इथे कोणी नाही. शेवटी तो खुद्द तिच्या घरी गेला. पडवीत सासू बसलेली. तिने नाव ऐकून घेतलं आणि तीही नाहीच म्हणाली: ना. अशी कोण हांगा रावना.

पंधरा दिवसांनी पणजीहून पत्र आलं. चौकशीत अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचे आढळले नाही. तीस दिवसांत खुलासा न आल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. व्हिसाला तेव्हा दोन महिने उरले होते.

ती पत्र घेऊन माझ्याकडे आली आणि तिने ते स्वतः वाचून दाखवलं, अडखळत, मी शिकवलेल्या जोडाक्षरांसकट. "आढळले नाही" हे शब्द तिने दोनदा वाचले. मग विचारलं, बाई, चौदा वर्षं मी कुठे होते मग? मला इतका राग आला होता की पहिल्यांदा मी त्या हवालदाराला शिव्या दिल्या, मग शेजाऱ्यांना, मग थेट सरकारला. ती गेल्यावर मी अर्जाची प्रत काढली आणि माझ्याच उत्तरावर बोट गेलं. नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझं लग्न झालं तेव्हा माझंही नाव असंच तांदळात बदललं होतं. शाळेच्या कागदांवर माहेरचं नाव, वाड्यावर सासरचं. माझ्या नेमणुकीचं पत्र घेऊन पोस्टमन आला तेव्हा आमच्याच शेजारणीने त्याला सांगितलं होतं की अशी कोणी बाई इथे नाही, आणि तो पत्र परत घेऊन गेला होता. नोकरी थोडक्यात वाचली. ही गोष्ट मी पस्तीस वर्षं लोकांना हसत हसत सांगत आले. आणि तिचा रकाना भरताना मला ती आठवली नाही. दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसणाऱ्या बाईला स्वतःच्या नाकापुढचं दिसत नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची खूप चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. तिच्या लग्नाचा अल्बम मागवला. त्यात एक फोटो सापडला: ताट, तांदूळ, त्यात अंगठीने लिहिलेली अक्षरं, लिहिणारा तिच्या नवऱ्याचा हात, आणि शेजारी मेंदी लावलेला तिचा गोरा हात. हाताच्या वर तिचा चेहराही अर्धा आलेला. मी ते सगळं घेऊन ठाण्यात गेले आणि हवालदाराला म्हटलं, चूक माझी आहे, पण तुम्हांला पुन्हा यावं लागेल. भला माणूस निघाला. त्याने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, आमच्याकडेही नाव बदलतात हो बाई, मला सुचायला हवं होतं.

तो आला त्या सकाळी निम्मा वाडा तिच्या पडवीत जमला होता. प्रत्येकाला जबाब द्यायचा होता. दुकानदाराची आई सर्वांत पुढे, कारण तिचं मन तिला खात होतं. एकाने सांगितलं, हिच्या हातची बटाट्याची धिरडी आम्ही गेली दहा वर्षं खातो. दुसरीने सांगितलं, माझ्या बाळंतपणात गाडी हिने चालवली. हवालदार म्हणाला, एवढं लिहायला माझ्याकडे जागा नाही, फक्त राहते की नाही ते सांगा. मला मात्र वाटत होतं की त्याने सगळं लिहावं. कुठल्याच रकान्यात न बसणाऱ्या याच गोष्टी मला अर्जात कायम हव्या असतात.

शेवटी तो सासूकडे वळला. आम्ही सगळे तिला काकी म्हणतो. त्याने अगदी मऊपणे विचारलं, "काकी, सुनेचं कागदावरचं नाव तुम्हांला ठाऊक नव्हतं, म्हणून त्या दिवशी नाही म्हणालात, असं लिहू ना?"

मी हो म्हणणार होते. सोपं होतं, आणि तेच खरं आहे असं मलाही वाटत होतं. पण काकीने मान हलवली.

"म्हाका ठावक आसलें," ती म्हणाली. "दर वर्सा त्या नांवान चिट येता. त्या नांवान जो कोण विचारूंक येता, तो तिका न्हेवक येता. म्हणान हांवें ना म्हटलें."

म्हणजे तिला ते नाव पहिल्यापासून ठाऊक होतं; सुनेला कोणी नेऊ नये म्हणूनच ती नाही म्हणाली होती. आणि मग तिने ते नाव घेतलं. पहिलं, मग सुनेच्या वडिलांचं, मग घराण्याचं, तिन्ही, न अडखळता. मला ते नाव अजून कागदात बघितल्याशिवाय म्हणता येत नव्हतं. काकीला लिहिता-वाचता येत नाही. मुलगा दरवर्षी व्हिसाचं पत्र मोठ्याने वाचायचा तेव्हा कोपऱ्यात बसून तिने ते पाठ केलं होतं, शत्रूचं नाव पाठ करावं तसं, आणि चौदा वर्षं तोंडातून बाहेर काढलं नव्हतं.

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच बसली. तिच्या वडिलांचं नाव या घरात कोणी कधी घेतलेलं नव्हतं. तिने तोंडावर पदर घेतला, आणि उंबऱ्यावर बसू नये म्हणून एरवी घर डोक्यावर घेणारी काकी त्या दिवशी काही बोलली नाही. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. हवालदाराने पेन मिटलं, मग पुन्हा उघडलं, आणि लिहिलं: अर्जदार सदर पत्त्यावर सासूसह राहते.

त्यानंतर सव्वा वर्ष गेलं. अर्ज चालू असल्यामुळे व्हिसा वाढत राहिला. शपथ घ्यायला पणजीला मी तिच्यासोबत गेले होते. तिने शपथ मराठीतून घेतली, आणि मी ओठांतल्या ओठांत तिचं जोडाक्षर न् जोडाक्षर तपासलं. परत आलो तेव्हा काकी पडवीत वाट बघत बसलेली. तिने प्रमाणपत्र हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यावर पासपोर्टावरचंच नाव होतं.

"बाई," तिने विचारलं, "आतां ह्या नांवान हांगा कोण येवचो ना मगे?"

मी म्हटलं, "येतले, काकी. इलेक्शनाक मतां मागूंक येतले."

तिला ते पटायला थोडा वेळ लागला. मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि सून पाणी आणायला धावली. त्याच संध्याकाळी, मी सुनेच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघायच्या बेतात होते, तेव्हा आतून काकीची हाक आली. तांदळातल्या नावाने नाही. ते दुसरं, तिन्ही तुकड्यांचं, वडिलांच्या नावासकट, वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि पाठोपाठ, दूध उतू चाललं, खंय मेलीस गो.

आता ती तिला त्याच नावाने हाक मारते. दिवसातून दहा वेळा मारते. वाड्यावरच्या पोरांनाही ते नाव पाठ झालं आहे.